ओसाकाहून आलेला पाहुणा

टेसा, तो मोबाईल पालथा ठेव बघू. उजेड डोळ्यांवर येतो. आणि तन्मय, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

ही गोष्ट आमच्या सदानंदची. दुबईत, जबल अलीच्या ऑफिसात, कितीतरी वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. पुण्याचा माणूस, तेव्हा चहापासून ट्रॅफिकपर्यंत सगळ्यावर त्याचं मत तयार असायचं, पण मनाचा मऊ. थापा मारायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती, म्हणून तर सांगतोय. मुलगी शुभ्रा अकरावीला गेली तशी ती आणि बायको प्रमिला पुण्याला परतल्या, आणि अल बर्शाच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हा एकटा उरला. घर खायला उठतं म्हणतात ना, तसं झालं त्याचं. रोज रात्री टेबलावर लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवायचा, पुण्याला व्हिडिओ कॉल लावायचा आणि मग जेवायला बसायचा. तिकडे त्या दोघी, इकडे हा. प्रमिला बिचारी साडेदहापर्यंत जेवायची थांबायची.

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, कंपनीनं त्याला ओसाकाला पाठवलं. जुन्या फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायच्या गाड्या, बघून, चालवून, पसंत करून यायचं काम. गुरुवारी दुपारी ते आटोपलं. तिथला एजंट कमरेत वाकला, हसला आणि निघून गेला. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं. सदानंद म्हणाला, चला, एवढे आलोय तर शहर तरी बघू.

आणि बघितलं की त्यानं. स्टेशनखालच्या बाजारात दोनदा वाट चुकला, जमिनीखाली अख्खं गाव वसवलंय म्हणे त्यांनी. नदीकाठच्या दिव्यांचे फोटो काढले. डोक्यावर छप्पर घातलेल्या एका लांबच लांब गल्लीतून चालत राहिला. गर्दी एवढी, पण कुणाचा कुणाला धक्का नाही, कुणाचा आवाज नाही. शाकाहारी काही मिळेना, म्हणून ब्रेड आणि केळी खाल्ली. पुण्याला फोन लावला, तर तिथं शुभ्राच्या क्लासचं गॅदरिंग, कुणी उचलला नाही. तीन दिवसांत व्यवहाराचे आकडे सोडले तर तो कुणाशी चार शब्द बोलला नव्हता. मला म्हणाला, "विल्फ्रेड, त्या गल्लीत मी माझंच नाव मोठ्यानं घेऊन बघितलं रे. कानाला बरं वाटावं म्हणून."

तर असा हिंडत हिंडत तो मध्यरात्री एका सिग्नलपाशी आला. दुकानांची शटरं खाली. रस्ता रिकामा, ना गाडी ना माणूस. आणि पादचाऱ्यांचा दिवा लाल. तिथली रीत अशी, की रस्ता रिकामा असला तरी थांबायचं. हा थांबला. पुटपुटला, "किती वेळ लावतो हा."

मागून आवाज आला, "चला हो. कोण बघतंय?"

मराठीत.

सदानंद गर्रकन वळला. तिशीचा एक माणूस उभा. बोटीवर घालतात तसला निळा डांगरीचा सूट, डोक्यावर लोकरी टोपी. आता इथंच सदानंदनं ती चूक केली, जी आपण गल्फमधली माणसं हमखास करतो. मॉलमध्ये कानावर मराठी पडली की आपली मान वळते, तोंडातून पहिला प्रश्न निघतो, "गाव कुठलं?" आणि दोन मिनिटांत आपण त्याला जेवायला बोलावून मोकळे. नाव विचारायचं राहूनच जातं.

"गाव कुठलं?" सदानंदनं विचारलं.

"हर्णै."

"अरे वा. आणि इथं कसे?"

"बोट गेली," तो म्हणाला. "मी राहिलो."

सदानंदला वाटलं, सुटली असेल बोट, दुसरीची वाट बघत असेल. दोघं चालायला लागले. सदानंद तीन दिवसांचं साठलेलं बोलत होता. शुभ्राचे मार्क, बॉसचा तिरसटपणा, बरणीला टेकवलेला मोबाईल, सगळं. तो माणूस ऐकत होता. कुठं वळायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. वाटेत सदानंदनं मशीनमधून गरम कॉफीचे दोन डबे काढले. त्या माणसानं आपला डबा उघडलाच नाही. दोन्ही तळव्यांत धरून राहिला. म्हणाला, "ऊब आहे."

हॉटेलच्या दारात सदानंद म्हणाला, "दुबईला आलात की घरी यायचं हं. बायको नाहीये, पण आमटीभात मी बरा करतो."

"खरंच बोलावताय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे काय? अल बर्शा, मॉलच्या मागची बिल्डिंग, सहाशे चार."

"येईन," तो म्हणाला. "मला कुणी घरी बोलावलं नाही… पुष्कळ दिवसांत."

हॉटेलचं काचेचं दार आपोआप उघडायचं. सदानंद आत गेला, दार मिटलं. वळून बघतो तर तो माणूस पायपुसण्यावरच उभा, अगदी दारासमोर. दार काही उघडलं नाही. सदानंदनं आतून हात हलवला आणि झोपायला गेला. जपानमध्ये सेन्सर बिघडला, याचंच त्याला नवल वाटलं.

"अंकल, इज धिस रिअली ट्रू?"

टेसा, मी माझ्या पदरचं काही घालत नाहीये. ऐक.

सदानंद परत आला. ऑफिसात दोन दिवस त्या हर्णैवाल्याचं कौतुक सांगत होता. मी म्हटलं, "नाव काय त्याचं?" तर ओशाळला. मग डिसेंबर उजाडला. पहिला शुक्रवार. रात्री नवाच्या सुमारास त्यानं ताट वाढून घेतलं, मोबाईल टेकवला, कॉल लावायच्या आत दाराची बेल वाजली. खालच्या ग्रोसरीतून दूध यायचं होतं. दार उघडलं. कुणी नाही. लिफ्टही जागची हललेली नव्हती. त्यानं दार लावलं, साखळी अडकवली, हात धुतले आणि कॉल लावला.

प्रमिला दिसली. हसली. आणि म्हणाली, "अहो, पाहुणे आलेत आणि तुम्ही एकटेच जेवताय?"

सदानंदला कळेना.

"त्यांना वाढा ना आधी. ताटकळत बसवलंय बिचाऱ्यांना."

मागून शुभ्रा डोकावली. "हाय, अंकल."

सदानंदनं शेजारच्या खुर्चीकडे बघितलं.

खुर्ची रिकामी होती.

पण पाव्हणा म्हटल्यावर हात आपोआप चालतात आपले. उठला. स्टीलचं दुसरं ताट घेतलं. भात वाढला. आमटी वाढली. ताट त्या खुर्चीपुढं ठेवलं. बसला.

प्रमिला बोलत होती. "घ्या ना भाऊ… लाजू नका… हर्णै? हो, आम्ही आलो होतो एकदा…" मध्येच थांबायची. ऐकायची. मान हलवायची.

सदानंदला फक्त एसीचा आवाज येत होता.

"काय हो," तिनं विचारलं, "यांचं नाव काय?"

तो खुर्चीकडेच बघत राहिला.

"अहो… असे काय बघताय?"

त्यानं मोबाईलकडे बघितलं, मग पुन्हा खुर्चीकडे.

"तुम्हाला… दिसत नाहीयेत का ते?"

मग प्रमिलानं शुभ्राला आत पाठवलं. दार लागल्याचं ऐकू आलं. परत आली तेव्हा आवाज अगदी खाली.

"ते विचारतायत…"

"काय?"

"इथं राहू का, म्हणतायत. तुम्हाला सोबत होईल… काय सांगू?"

आता नीट ऐका. सदानंद भित्रा नव्हता. तो एकटा होता. दीड वर्ष त्या घरात त्याच्याशिवाय दुसरं माणूस झोपलं नव्हतं. मला म्हणाला, "विल्फ्रेड, 'हो' माझ्या ओठांवर आला होता. कुणीही चाललं असतं रे मला." आणि तो 'हो' म्हणाला असता, तर तो पुन्हा पुण्याला गेला नसता. हे त्याला तिथंच, त्या खुर्चीकडे बघताना कळलं. सोबत असल्यावर कोण कुणाकडे परत जातं?

त्यानं हात जोडले. रिकाम्या खुर्चीला.

"भाऊ, हे माझंच घर नाही हो. मीच इथं पाहुणा आहे… तुमचं गाव आहे. तिथं जा. माझं पुणं आहे, मी तिथं जातो."

एसी. फक्त एसी.

"उठले," प्रमिला म्हणाली. "तुमच्या मागे आलेत."

सदानंदनं वळून बघितलं. कुणी नाही.

"अहो… तुमच्या खांद्यावर हात ठेवलाय त्यांनी."

सदानंदला काहीही जाणवलं नाही. ना गार, ना गरम. त्याचंच त्याला रडू आलं. एवढ्या लांबून कुणी आलं, खांद्यावर हात ठेवला, आणि आपल्याला तो कळूही नये.

कॉल कट झाला.

तो तसाच खुर्चीत बसून राहिला. पहाटेची अजान झाली तेव्हा कुठं त्याची मान वर झाली. त्यानं मला फोन केला, आणि मी अजमानच्या माझ्या घरून उजाडता उजाडता पोचलो. मी आलो, तेव्हा आतून साखळी लावलेलीच होती. त्यानंच येऊन काढली. टेबलावर त्याचं ताट तसंच, भात वाळलेला. शेजारची जागा मोकळी. दुसरं ताट स्वयंपाकघरात होतं. घासून, पुसून, ओट्यावर पालथं घातलेलं. सदानंद म्हणाला, "मी खुर्चीतून उठलेलो नाही." महिन्याभरात त्यानं राजीनामा दिला आणि पुण्याला गेला. आता तिथं अर्ध्या पगारात आहे, पण कधी फोन केला तर मागून भांड्यांचा, बोलण्याचा आवाज येतो.

त्या सकाळी ते ताट मीच उचललं. तुमच्या आयांच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात ना, ठिपक्या-ठिपक्यांची, तसं त्याच्या कडेला प्रमिलाचं नाव होतं, लग्नातलं, झिजलेलं. आणि त्याच्या खाली, आत्ताच घातल्यासारखं चकचकीत, दुसरं नाव, जे विचारायचं राहून गेलं होतं.

इद्रीस.