होयबाला शिकवलेला नकार

ही गोष्ट खरी आहे.

खरी मानायची की नाही, ते तुमच्यावर. पण ज्या बाईंच्या समोर ती घडली, ती माझी सख्खी धाकटी बहीण. तीस वर्षं तिने इंग्रजी शिकवलं. तिखटमीठ लावून सांगणं तिच्या स्वभावातच नाही. आणि ज्याच्या जिवावर बेतलं तो माझा मुलगा. त्याचा डावा हात मी रोज बघतो.

रात्र नव्हती. शनिवार होता. दुपारचे पावणेचार. बाहेर लख्ख ऊन.

पत्रे दाबून झाकणं आणि डबे बनवणारा तो कारखाना. खाली सात प्रेस. वर एक लांबट खोली, तिच्या काचेतून खालचा सगळा कारखाना दिसायचा. शनिवारी दोन वाजता काम सुटलं की त्या खोलीत बाईंचा वर्ग भरायचा. अकरा कामगार. सगळे बापई गडी, पण पाटी-पेन्सिल घेतलेल्या पोरांसारखे घाबरून बसायचे.

वर्ग सुरू होण्याला कारण होतं.

त्याच्या चार महिने आधी चार नंबरच्या प्रेसवर एक माणूस गेला होता. त्याला सगळे होयबा म्हणायचे. कोणी काहीही सांगो, हा 'हो' म्हणणार. कारखान्याचे मोठे साहेब परदेशातले. त्यांना आपली भाषा येत नव्हती, आणि होयबाला इंग्रजीतले दोनच शब्द येत होते. येस सर.

त्या दिवशी प्रेसची जाळी काढलेली होती. ही जाळी पुढे असली की माणसाचा हात आत जात नाही. साहेबांनी तशीच मशीन चालवायला सांगितली. होयबाला धोका कळत होता. भोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होता.

तो म्हणाला, येस सर.

वरून लोखंडी दट्ट्या आला आणि दोन्ही हात कोपरापासून चिरडून गेले. अँब्युलन्स पोचेपर्यंत तो तिथल्या एका वेल्डरच्या मांडीवर रक्त वाहून रिकामा झाला.

मग कंपनीला शहाणपण सुचलं. कामगारांना इंग्रजीतून 'नाही' म्हणता आलं पाहिजे. माझा मुलगा तिथेच फिटर. त्याने आत्याचं नाव सुचवलं.

साहेब नेमकं कोणतं वाक्य बोलले होते, हे मात्र बाईंना कोणीच सांगितलं नाही.

बाईंची शिकवायची रीत साधी. त्या म्हणायच्या, नकाराचे प्रकार असतात, माणूस बघून निवडावा. साहेब नुसते चुकत असतील तर 'आय बेग टू डिफर', म्हणजे हात जोडून 'माझं मत जरा वेगळं आहे'. बरोबरीच्या माणसाशी पटत नसेल तर 'वी डोन्ट सी आय टू आय'. समोरचा भलतीकडेच शोध घेत असेल तर 'यू आर बार्किंग अप द राँग ट्री', म्हणजे चुकीच्या झाडाखाली भुंकताय.

यावर वेल्डर म्हणाला, "बाई, साहेबाला कुत्रं म्हणायचं आणि पगार घ्यायलाही त्याच्याकडेच जायचं?"

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या.

शेवटचा नकार त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. 'नॉट ऑन युवर लाइफ.' काही झालं तरी नाही. हा उगाच वापरायचा नाही, त्यांनी बजावलं. जिवावर बेतलं असेल तेव्हाच.

मग सराव. बाई साहेब व्हायच्या, एखादा चुकीचा हुकूम द्यायच्या. प्रत्येकाने वेगळा नकार द्यायचा. गप्प राहिला तो बाद.

पहिल्याच शनिवारी त्यांनी हुकूम दिला, आणि कोणी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून हळूच आवाज आला...

"येस सर."

बाईंना वाटलं, कोणीतरी खोड्या काढतोय. त्यांनी मान वर केली.

मागच्या बाकावर कोणी नव्हतं.

अकराही जण खाली बघत होते. एकालाही हसू येत नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. या वेळी आवाजाच्या पाठोपाठ... टप. टप. फरशीवर काहीतरी ठिबकत होतं. बाई उठून मागे गेल्या. फरशी कोरडी होती.

त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. मी म्हणालो, वय झालं तुझं. ती म्हणाली, दादा, माझ्या कानांना अजून मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू येते. तीस वर्षं तेच तर केलंय.

मग तो तिसरा शनिवार आला.

बाईंनी एक नवी युक्ती काढली होती. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर साहेबांचा एक खराखुरा हुकूम लिहायचा. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. मग बाई एकेक वाचणार.

त्याच वेळी खाली माझा मुलगा एकटाच चार नंबरच्या प्रेसची डाय, म्हणजे दाबायचा साचा, बदलत होता. त्यासाठी तो खांद्यापर्यंत आत वाकला होता. नियम असा, की हात आत घालण्याआधी दट्ट्याखाली लोखंडी टेकू लावायचा. टेकूमुळे माप नीट घेता येत नव्हतं. मेन स्विच बंद, कारखाना बंद. दोन मिनिटांचं काम, म्हणून त्याने टेकू काढून बाजूला ठेवला.

सगळे फिटर असं करतात. म्हणजे, करायचे.

वर बाई चिठ्ठ्या वाचत होत्या. दहा झाल्या. अकरा झाल्या.

डब्यात अजून एक होती...

तेलाने माखलेली. अक्षर वेडंवाकडं, जणू पेन्सिल दातात धरून लिहिलेलं.

बाईंनी सवयीप्रमाणे साहेबी आवाजात वाचलं. "फर्गेट द गार्ड. रन इट." जाळी राहू दे. चालव.

खोलीतली हवाच गोठली. वेल्डरचा चेहरा पांढराफटक पडला. तो पुटपुटला, "बाई, हे का वाचलंत?"

आणि मागच्या बाकावरून...

"येस सर."

खाली मोटर घरघरली.

प्रेसचं भलंमोठं चाक फिरायला लागलं. वर्गातच बसलेला फोरमन काचेकडे धावला. मेन बंद आहे, किल्ली माझ्या खिशात आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. वेल्डर आणि बाकीचे जिन्याकडे पळाले.

बाईंनी काचेतून पाहिलं. भाचा मागे सरकत होता. पण त्याची बाही साच्यात अडकली होती.

दट्ट्या खाली आला.

तो आवाज बहिणीने मला एकदाच सांगितला. ओलं लाकूड फुटल्यासारखा. डावा हात मनगटापासून सपाट झाला. रक्त उडून थेट वरच्या काचेवर आलं. माझा मुलगा ओरडत होता, आणि बाहीने त्याला आणखी आत ओढलं होतं. आता हाताच्या जागी डोकं होतं.

चाक फिरतच होतं. दट्ट्या वर चढत होता.

थांब, बंद कर, सोड त्याला. बाई मागच्या बाकाकडे वळून आपल्या भाषेत किंचाळल्या. काही फरक पडला नाही. नुसतं टप... टप... टप...

तेव्हा त्यांना कळलं. हुकूम त्यांनीच दिला होता. साहेब त्याच होत्या. आणि त्याला दुसरं उत्तर येतच नव्हतं.

मग त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. आवाज खाली आणला. ढ पोराजवळ बसावं तशा त्या रिकाम्या बाकाजवळ बसल्या.

"बाळा, उत्तर चुकलं. मी परत विचारते, घाई करू नकोस. फर्गेट द गार्ड. रन इट."

"येस... सर."

दट्ट्या सुटला. माझ्या मुलाने मान हिसडली. कान आणि गालाचं कातडं सोलून गेलं. फाटक्या बाहीचा शेवटचा दोरा तेवढा धरून होता.

"नाही. माझ्या मागून म्हण. नॉट."

दट्ट्या वर जात होता.

"नॉट," बाई म्हणाल्या.

"...नॉट."

"ऑन युवर लाइफ."

त्यांच्या हाताला काहीतरी गार, ओलं लागलं. हात नव्हता तो. हात जिथे संपतो तिथलं काहीतरी होतं. बाईंनी आपला हात काढून घेतला नाही.

"फर्गेट द गार्ड," त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या. आवाज फुटला होता. "रन इट."

दट्ट्या सुटला...

"नॉट ऑन युवर लाइफ."

माझ्या मुलाच्या कानशिलापासून दोन बोटांवर तो थांबला. चाक जागच्या जागी अडलं, जणू कोणी मिठी मारून धरलं. वेल्डरने बाही कापून त्याला बाहेर ओढलं.

मुलगा वाचला. हात गेला.

सोमवारी मोठे साहेब खाली उतरले. भुताखेताच्या गप्पा त्यांना मान्य नव्हत्या. त्यांनी फोरमनला चार नंबर चालवायला सांगितलं. फोरमन घाम पुसत म्हणाला, आय बेग टू डिफर. वेल्डरने त्याला दुजोरा दिला. साहेब चिडले आणि त्यांनी स्वतःच बटणावर बोट ठेवलं.

चाळीस माणसांनी ऐकलं. मशीनच्या आतून, स्वच्छ आवाजात, नकार आला. उच्चार थेट बाईंचे.

साहेबांनी तरीही बटण दाबलं.

प्रेस हललीसुद्धा नाही. साहेबांचे दोन्ही हात मात्र कोणीतरी धरल्यासारखे ताठ झाले आणि कोपरांतून उलटे वळत गेले. हाडं कातडी फाडून बाहेर येईपर्यंत. ते दहा फूट मागे फेकले गेले. त्यांच्या अंगाला कोणीही शिवलं नव्हतं.

कागदावर 'मशीनवर अपघात' असं लिहिलं गेलं.

महिन्याभराने बाई आपली पुस्तकं आणायला त्या खोलीत गेल्या. भर दुपारी. वेल्डर सोबत दारात उभा होता. निघताना त्यांना होयबाची दया आली. मागच्या बाकाकडे बघून त्या इंग्रजीत म्हणाल्या, की धडा संपला. छान शिकलास. आता जा, बाळा, तुला सुट्टी.

त्या पुस्तकं उचलून दाराकडे वळल्या.

मग उत्तर आलं...

काय आलं ते ती मला सांगत नाही. वाक्य तिनेच शिकवलेलं होतं आणि बिनचूक होतं, एवढंच म्हणते. आणि वेल्डरने तेव्हापासून तो जिना चढलेला नाही.

चार नंबरची प्रेस अजून तिथेच आहे. हलवायला माणसं मिळत नाहीत. पुढच्या महिन्यात माझा मुलगा परत कामावर रुजू होतोय. एका हाताने जमेल असं स्टोअरचं काम दिलंय, त्या खोलीच्या बरोबर खाली. तो खूश आहे. घरात सगळे खूश आहेत.

जाऊ नकोस, असं त्याला सांगायचं मी रोज ठरवतो. जीभ रेटत नाही.