बस्तीच्या विहिरीचं झाकण

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या त्या लहानशा ऑफिसात येणारी माणसं बहुधा दुसऱ्याची तक्रार घेऊन येत. प्राची आवटी स्वतःचीच घेऊन आली होती.

"मी कुलूप लावलं होतं," ती म्हणाली. "म्हणजे लावलं असणार. आता तेही छातीठोकपणे सांगता येत नाही."

संयोगिता भोईटेनं तिला मध्ये अडवलं नाही. पोलीस खातं सोडून खासगी तपास सुरू केल्यापासून ती बोलण्यापेक्षा ऐकण्याचेच पैसे घेत असे. तिचे सहकारी सुभेदार कृष्णात यांचं तसं नव्हतं. फौजेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांकडे दोन कामं होती, गाडी चालवणं आणि निष्कर्ष काढणं. दोन्ही ते सुसाट करत, पण मुक्कामाला पोचायची ती फक्त गाडी.

प्राची सांगली जिल्ह्यातल्या कसबे आरणी नगरपंचायतीची अभियंता. गावातल्या जुन्या सार्वजनिक विहिरीचं तिनं पुनर्भरण केलं होतं. गल्लीतल्या छपरांवरचं पावसाचं पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून विहिरीत सोडायचं, म्हणजे भूजल वाढतं. विहिरीवर सिमेंटचा स्लॅब टाकला होता आणि उतरण्यापुरत्या चौकोनी तोंडावर लोखंडी झाकण. एका बाजूला बिजागरी, समोरच्या बाजूला कुलूप. किल्ली फक्त प्राचीकडे.

"त्या संध्याकाळी पाण्याची पातळी बघायला मी झाकण उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात आमचे पाणी सोडणारे नानासो त्यात पडले. कंबरेचं हाड मोडलं. झाकण सताड उघडं होतं."

तिनं मोबाइल पुढे केला. जमलेल्या गर्दीतून काढलेल्या त्या फोटोत विहिरीचं काळं तोंड होतं, आणि झाकण उलटं होऊन कडुलिंबाच्या बुंध्याकडे पडलेलं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'मॅडमचा निष्काळजीपणा, गरिबाचा बळी.'

"गावभर फिरतोय हा. माझ्या वडिलांनाही आला. उद्या दुपारी सभेत माझ्या निलंबनाच्या शिफारशीचा ठराव आहे. नोकरी जाईल ती जाईल. पण नानासोंच्या बायकोसमोर मला मान वर करता येत नाही. खरंच मी विसरले असेन, तर मला ते कळू दे."

"ठराव कोण मांडणार?"

"उपनगराध्यक्ष जयपाल मगदूम. योजना गावात आणली त्यांनीच. नानासोंना बाहेर काढलं तेही त्यांनीच."

सुभेदारांनी गाडीची किल्ली उचलली. "सोपं हाय म्याडम. ठेकेदाराचा हात हाय यात."

"ठेकेदाराला काय मिळणार सुभेदार?"

"त्ये वाटेत सांगतो," सुभेदार म्हणाले. पण कराड गेलं, इस्लामपूर गेलं तरी त्यांना काही सुचलं नाही.

आधी ते सांगलीच्या दवाखान्यात गेले. नानासो उताणे पडून होते. प्राची दाराबाहेरच थांबली. आत यायचं तिला धैर्य झालं नाही.

"धुकं आसं, सायकलीचं हँडल दिसंना," नानासो सांगू लागले. "नुकतं उजाडलं हुतं. घंटी वाजवत बस्तीपाशी आलो. सायकल टेकवून व्हॉल्व्हकडं वळलो आन् पायाखालची जमीनच गेली की."

"घंटीच्या आधी किंवा नंतर काही ऐकलंत?"

"घंटी वाजवली तवा खणकन् भांडं वाजलं कुठंतरी. कुणी भांडी घासत आसंल."

"मग तुम्ही हाका मारल्यात?"

"हाक माराय तोंड उघडलं, तवर दोर आला वरनं! जयपालअण्णा देवमाणूस. आवं, त्यो नसता तर मी मेलो आसतो बगा."

सुभेदारांनी डोळे पुसले. संयोगितानं शालीचं टोक नीट करून नानासोंचा निरोप घेतला.

बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या भिंतीलगत ती विहीर होती. पलीकडच्या अंगाला लिंबाचं झाड. त्याच्या फांदीला योजनेच्या उद्घाटनाचा फलक अजून लोंबत होता. त्यावर जयपाल मगदुमांचा हसरा फोटो आणि ठळक अक्षरांत 'शाश्वत विकास, हाच आमचा ध्यास'.

झाकण आता बंद होतं. संयोगिता उकिडवी बसली. कुलूप लिंबाच्या बाजूला होतं, बिजागरी भिंतीच्या बाजूला. कडीकोयंडा गंजलेला. बिजागरीच्या बोल्टांवर तिनं बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"सुभेदार, वास घ्या."

"खोबरेल!" सुभेदार म्हणाले. "कुणीतरी डोकं टेकलं आसंल हितं."

"नानासोंना काढल्यावर कुलूप कोणी लावलं?" तिनं प्राचीला विचारलं.

"मी आले तेव्हा लावलेलंच होतं. दाबलं की बसतं ते, किल्ली लागत नाही. जयपालअण्णा म्हणाले, मीच दाबलं."

मगदुमांचं घर विहिरीसमोरच. जयपाल पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यांतला, मोजकं बोलणारा गृहस्थ. पाहुण्यांना त्यानं स्वतः चहा आणून दिला. सोप्यात चटईवर त्याची आई, चंदनबाला, भिंतीला टेकून बसली होती. पांढरं लुगडं, ओठ सुकलेले.

"नानासो कसा हाय?" तिनं पहिलंच विचारलं.

"बरे होतील, आजी."

"आईनं त्या दिवसापासून अन्न सोडलंय," जयपाल घाईनं म्हणाला. "वय झालं. मनाला लावून घेते."

"तुम्ही इतक्या सकाळी तिथं कसे पोचलात?"

"हाक ऐकली आणि धावलो. माणूस आणखी काय करणार?"

"आणि दोर?"

"जाताना घरातून उचलला. शेतात लागतो."

खुंटीवर तो दोर होता. सुती, पांढराफेक, मातीचा डाग नसलेला. शेजारी दुहेरी शिवलेलं जाड फडकं, आणि चिंचेनं घासून लखलखीत केलेलं लहान पितळी भांडं. सुभेदारांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"हे बगा म्याडम! बुडाला कडी. कारागीर झोपंत हुता काय?"

"झोपंत न्हाई, बाबा..." म्हातारीनं बोलायला तोंड उघडलं.

"जुनी भांडी आहेत, शोभेला ठेवलीत," जयपाल म्हणाला. त्यानं भांडं परत खुंटीला लावलं, आणि लावताना ते भिंतीवर खणकन् वाजलं.

संयोगितानं चहा संपवला. "उद्या सभेच्या आधी जरा विहिरीवर याल का? आजींनाही आणा."

सुभेदारांचा रात्रीपर्यंत संशय ठेकेदारावरून विरोधी पक्षावर आणि तिथून प्राचीच्या भावी सासऱ्यावर गेला. प्राचीचं लग्न ठरलेलं नाही हे कळल्यावर ते झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली पाचच माणसं होती. चंदनबालेला सुभेदारांनी घरातून खुर्ची आणून दिली, आणि संयोगितानं सांगितल्याप्रमाणे खुंटीवरचं भांडंही सोबत आणलं.

"सभेला उशीर होतोय," जयपाल म्हणाला.

"फार वेळ घेणार नाही. प्राचीताई, झाकण उघडा. रोज उघडता तसंच."

प्राचीनं कुलूप काढलं आणि झाकण उचललं. ते बिजागरीवर फिरून बस्तीच्या भिंतीला टेकलं.

"आता फोटो काढा तुमचा."

प्राचीनं मोबाइल उघडला. थोडा वेळ ती फोटोकडे बघत राहिली, मग भिंतीकडे आणि लिंबाकडे.

"हे तर लिंबाकडं पडलंय," ती म्हणाली.

"हो. कुलूप काढून उघडलेलं झाकण भिंतीकडेच पडतं. लिंबाकडे ते एकाच रीतीनं पडेल. कुलूप तसंच ठेवून बिजागरीचे बोल्ट काढले तर. मग कुलूपच बिजागरीचं काम करतं. तुम्ही कुलूप लावलं होतं, प्राचीताई. ते कोणी उघडलंच नाही. तुम्हाला बदनाम करायला गावभर फिरवलेल्या फोटोतच ते दिसत होतं, पण बघितलं कोणीच नाही."

प्राची कट्ट्यावर बसली.

"बोल्ट काढणारा माणूस चोर नव्हता," संयोगिता पुढे म्हणाली. "चोर एकदा येतो. हे बोल्ट रोज निघत होते, म्हणून कडीकोयंडा गंजला तरी त्यांना गंज नाही. आणि त्यांना खोबरेल कोणी लावलं? मिस्त्री ग्रीस लावतो. खोबरेल घरातला माणूस लावतो."

"पण कशापायी?" सुभेदारांनी विचारलं. "विहिरीत हाय काय न्यायला? पाणी तर घरोघर नळाला येतंय."

संयोगितानं भांडं प्राचीच्या हातात दिलं. "हे काय आहे, तुम्हीच सांगा."

प्राचीनं बुडाची कडी चाचपली. "माझ्या आज्जीकडं होतं असं. व्रत घेतलेली माणसं विहिरीचंच पाणी पितात, फडक्यातून गाळून. गाळल्यावर फडक्यात जे बारीक जीव राहतात, त्यांना जिवाणी म्हणतात. ती ज्या पाण्यातली, त्याच पाण्यात परत सोडायची. वरून ओतली तर जीव आपटून मरतात. म्हणून भांडं दोरानं पाण्यापर्यंत उतरवायचं आणि कडीची दोरी ओढायची. मग ते पाण्याला टेकून अलगद उलटं होतं." ती थांबली. "मी गल्लीत तीन बैठका घेतल्या. वाळूचा थर केवढा, कोळसा कुठला, सगळं सांगितलं. पण ही विहीर कोण वापरतं, एवढं एकदाही विचारलं नाही. मी जैनाच्या घरातली. मला विचारायला हवं होतं."

जयपाल दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता.

"नानासोंनी घंटी वाजवली तेव्हा इथं भांडं खणकलं," संयोगिता म्हणाली. "आणि त्यांनी हाक मारायच्या आधीच दोर खाली आला. हाक ऐकून घरात जाऊन दोर आणणाऱ्याला तेवढा वेळ लागलाच असता. दोर आणि माणूस, दोन्ही इथंच होते. लोक नानासोंना दवाखान्यात न्यायच्या गडबडीत होते, तेव्हा झाकण तुम्हीच बसवलंत आणि बोल्टही लावलेत. कुलूप तर लावलेलंच होतं, ते 'मीच दाबलं' एवढं खोटं बोललं की झालं. मला फक्त एकच कळलेलं नाही, जयपालअण्णा. घंटी ऐकल्यावर झाकण लावायला एक क्षण पुरला असता. का नाही लावलंत?"

उत्तर आलं ते खुर्चीतून.

"मी म्हनलं, झाकन लाव. ह्यो म्हनला, आदी आत चल, कुनी बगंल. माझा दंड धरून वडत भिंतीआड न्हेलं." चंदनबालेनं पदर तोंडाशी धरला. "पान्यातल्या दिसत न्हाईत त्या जीवांसाटी मी म्हातारी दोर सोडत बसलेली. आन् ह्यो एवढा हाडामासाचा मानूस माझ्या पायी खाली गेला."

"आई, तू गप्प बस."

"गप्पच बसले की! म्हनलं, माझा जयपाल आज सांगंल, उद्या सांगंल. तू तर त्या पोरीवर ठराव लिहायला बसलास. मग माझ्या घशाखाली घास उतरंना."

जयपालचा आवाज एकदम चढला. "काय सांगणार होतो मी? कलेक्टर साहेबांशेजारी बसून शाश्वत विकासावर भाषण केलं मी. मग उठून म्हणू, की साहेब, माझ्या आईच्या किड्यांसाठी झाकण उघडं ठेवा? सगळी सभा हसली असती!"

म्हातारीनं मान खाली घातली. आपल्या मुलाला आपली लाज वाटत होती, हे तिला आजच कळलं असावं. सुभेदार लिंबाच्या शेंड्याकडे बघू लागले. असल्या वेळी कुठं बघावं हे फौजेत शिकवलेलं नसतं.

"एक लहान दार ठेवलं असतं, अण्णा," प्राची हळूच म्हणाली. "वर जाळी आणि रहाट. एका दिवसाचं काम होतं."

ते ऐकून जयपालनं पाठीमागचे हात सोडले आणि तोंडावर घेतले. ओरडून न मिळालेलं उत्तर त्या साध्या वाक्यात होतं, आणि ते त्याला सोसलं नाही.

"पोलिसांत मी जाणार," संयोगिता म्हणाली. "पण सभा आधी आहे. ठरावाचा कागद तुमच्या खिशात आहे. तिथं काय वाचायचं ते तुम्ही ठरवा."

नगरपंचायतीच्या पायऱ्यांवर चंदनबाला बसून राहिली. आत जायला तिनं नकार दिला. प्राचीही तिच्याशेजारी बसली. आतून आधी नेहमीचा गलका ऐकू येत होता. मग एकाच माणसाचा आवाज, अडखळणारा. मग तोही थांबला, आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

जयपाल बाहेर आला तेव्हा त्याची टोपी हातात होती. आईच्या खालच्या पायरीवर तो बसला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"समदं?"

"सगळं. तुला ओढून नेलं तेही."

म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण आपला पाय त्याच्या पाठीला लागू दिला.

"हासली का सभा?"

जयपालनं नकारार्थी मान हलवली.

"कुणीच हसलं नाही, आई," तो म्हणाला. "सगळे खाली बघत बसले. हसले असते तर बरं झालं असतं."