कमानीत अडकलेला घास

"तुम्ही प्रत्येक घासावर पाणी पिता."

शेजारच्या खुर्चीवरून हे वाक्य आलं आणि मला ठसकाच लागला. भाच्याची मुंज होती. बिबवेवाडीतल्या कार्यालयात अख्खी पंगत माझ्यासाठी खोळंबली होती. सगळ्यांचे हात सुकले, तरी कुणी उठेना. शेवटच्याचं होईपर्यंत पान सोडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आणि शेवटची नेहमी मीच!

"मोजत होतात?" मी विचारलं.

"हो... म्हणजे, सॉरी. मी रणजित. तुमच्या अभयदादाचा मित्र."

"अहो, जेवू द्या तिला," समोरून सरोजिनीआत्या म्हणाली. "बटूची सोडमुंज होईपर्यंत उरकेल तिचं."

सगळे हसले. तो मात्र हसला नाही. त्याने पुन्हा भात मागून घेतला आणि रमतगमत कालवत बसला, मी एकटी मागे राहू नये म्हणून. मी तिथेच थोडीशी विरघळले, खोटं कशाला बोलू?

हात धुताना त्याने गळ्याखाली बोट ठेवत हळूच विचारलं, "पोळी इथे अडकते? लहानपणी दमा आहे म्हणायचे?"

"ज्योतिषी आहात का?"

"नाही हो. हार्ट सर्जरी शिकतोय."

त्याने पेपर नॅपकिनवर चित्र काढलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कमानीसारखी वळते. क्वचित कुणाला जन्मतःच अशा दोन कमानी असतात आणि त्यांच्या मध्ये श्वासनळी, अन्ननलिका आवळली जाते. त्याचा अभ्यास नेमका ह्यावरच होता. तीन वर्षांत अकरा रुग्ण सापडले होते. सांगताना त्याचे डोळे चमकत होते... मला वाटलं, माझ्यासाठीच.

स्कॅनमध्ये खरंच दोन कमानी निघाल्या. मी बारावी.

मग रोज मेसेज. आज काय खाल्लं, अवनी? त्रास झाला? सत्तावीस वर्षांत 'आटप लवकर' सोडून जेवणाबद्दल मला कुणी काही म्हटलं नव्हतं. मी प्रेमात पडले नसते तरच नवल!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी विचारलंच. "हे सगळं अभ्यासासाठी विचारता?"

"सुरुवातीला... हो."

"आणि आता?"

तेवढ्यात त्याला वॉर्डातून बोलावणं आलं, आणि तो गेला. त्या दिवशी मेसेजही आला नाही. मला ऑपरेशनपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली.

रणजित ज्यांच्या हाताखाली शिकत होता, त्या डॉक्टर निशांनी डाव्या बरगड्यांमधून बारीक कमान कापून टोकं शिवली. शुद्धीवर आल्यावर मी आधी विचारलं, "रणजित आत होते?"

"छे! ज्याचे हात थरथरतात त्याला मी थिएटरमध्ये घेत नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या आत्याजवळ बसला होता बाहेर. चार तास."

पाचव्या दिवशी आत्याने पोळीचा तुकडा दिला. पाण्याशिवाय सरळ खाली गेला. मी रडले. आत्याही रडली आणि वर म्हणाली, "डोळ्यांत मसाला गेलाय."

संध्याकाळी तो आला, दारातच घुटमळला. आत्या उगाचच पाणी आणायला निघून गेली.

"तपासायला निशा मॅडमच येतील," तो म्हणाला. "आणि... अभ्यासात केसेस अकराच हायत."

घाबरला की त्याची धायरी गावची बोली बाहेर यायची.

"अकरा? मी बारावी ना?"

"तुमचं नाव काढलं. मॅडमना सांगून."

"का? एवढी दुर्मीळ मी!"

"अभ्यासातल्या पेशंटला... लग्नाचं विचारता येत नाय."

मी श्वास घेतला. छातीत कुठेच काही अडलं नाही.

"मग आता विचारा की."

त्याने विचारलं, अगदी नीट, शुद्ध भाषेत. "हो," मी म्हणाले. हसताना टाके दुखले, आणि त्याने डॉक्टरसारखं एक अक्षरही न बोलता नुसता माझा हात धरला.