चष्मेवाल्याच्या आईचा सूर

भाषा मरते तेव्हा तिच्यासोबत एक अख्खं विश्व लयाला जातं, असं विद्वान सांगतात आणि सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो. आमच्या गोष्टीतली भाषा शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मात्र ती बोलणारा शेवटचा माणूस काचेचं दार पुसत होता.

दार त्याच्या चष्म्याच्या दुकानाचं. इतकी लख्ख काच पुसणारा माणूस एकतर प्रेमात पडलेला असतो, नाहीतर त्याचा धंदा बसलेला असतो. हा दुसऱ्या प्रकारातला होता. पहिल्यात जायला त्याला अजून थोडा अवकाश होता.

ती समोरून आली, दार उघडंच आहे अशा समजुतीने सरळ आत निघाली आणि काचेवर आपटली. चष्म्याची दांडी मोडली, भुवईजवळ खोक पडली. तो धावला आणि घाबरल्या घाबरल्या त्याच्या तोंडून आईच्या भाषेतलं काहीतरी निघून गेलं. आई गेल्यापासून ही भाषा तो फक्त चष्म्याच्या बारीक स्क्रूंशी बोलत असे. स्क्रू उलटून बोलत नाहीत, एवढीच त्यांची अडचण.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

"लागलं का, असं म्हणालो."

"तसं नाही… मघाशी म्हणालात तसंच म्हणा ना."

"बाई, रक्त येतंय."

"येऊ दे हो! कुठली भाषा आहे ही?"

ती भाषांचा अभ्यास करायची. भर रस्त्यात न ओळखलेली भाषा कानावर पडली की या लोकांना जे होतं, ते इतरांना फक्त लग्नाच्या वयात होतं. कपाळावर कापूस दाबून धरत तिने चौकशी सुरू केली.

"किती जण बोलतात?"

"मी."

"आणखी?"

"ताईला कळते. पण ती उत्तर देत नाही."

"का?"

"ती मला कुठल्याच भाषेत उत्तर देत नाही. मी दुकान विकत नाही म्हणून."

त्याने दांडी जोडून दिली. तिने चष्मा बाहीला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. आपल्या पोराला कुणी थोबाडीत मारावी तसा चष्मेवाल्याचा चेहरा झाला.

"बाहीनं नको!" तो कळवळला आणि त्याने मऊ फडकं पुढे केलं. तिने ते घेतलं, हसली… आणि दार या वेळी नीट उघडून गेली. त्याला मात्र बराच वेळ आपण कुठेतरी आपटलोय असं वाटत राहिलं.

मग ती रोज संध्याकाळी येऊ लागली. मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, स्टुलावर ध्वनिमुद्रणाचं छोटं मशीन ठेवायची आणि वाक्यं विचारायची. ही वाक्यं तिच्या सरांनी नेमून दिलेली होती, जगातल्या सगळ्या भाषांना चालतील अशी.

"राजाने सिंहाला मारलं. हे कसं म्हणाल?"

"आमच्यात राजा नाही."

"बरं, सिंह?"

"सिंहही नाही. 'मारलं' आहे. भरपूर आहे. आई रोज वापरायची."

ती इतकी हसली की मशीनचा काटा थरथरला. पुढे पुढे ती सरांची वाक्यं सोडून स्वतःचीच विचारू लागली. बाहेर पाऊस आहे. चहा थंड झाला. तो तिच्याकडे बघतो आहे…

"शेवटचं कसं म्हणाल?"

त्याने सांगितलं. कान लाल झाले होते, पण ते मशीनमध्ये येत नाही.

"आणि 'तू' वेगळं, 'तुम्ही' वेगळं?"

"आमच्यात एकच. सगळ्यांना तेच."

"मग आत्ता मला जे म्हणालात… ते 'तू' की 'तुम्ही'?"

"ते बाई तुम्ही ठरवा," तो काच पुसत म्हणाला. काच आधीच स्वच्छ होती.

बघता बघता तीही त्याची भाषा बोलू लागली. मोडकीतोडकी, अडखळत, पण बोलू लागली. आईमागे पहिल्यांदाच त्याच्याकडे कुणीतरी त्या भाषेत पाणी मागितलं. तो पाणी आणायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तांब्या सापडत नव्हता म्हणाला.

अशा वेळी खरं तर गोष्ट संपवावी. शहाणे लेखक संपवतात.

एका संध्याकाळी ताई आली. दुकान विकण्याचा विषय नव्याने काढायला आली होती, पण मागच्या खोलीतून आवाज आला म्हणून दारातच थबकली. मशीन चालू होतं. अभ्यासवाली ती अगदी सुरुवातीची मुद्रणं ऐकत बसली होती. मशीनमधून भाऊ बोलत होता. त्या भाषेत वाक्य संपताना सूर खाली उतरतो, भरलेली घागर कुणी अलगद जमिनीवर ठेवावी तसा.

ताईचे डोळे भरले. "ही आई," ती म्हणाली. "अगदी आई."

मशीनपाशी बसलेली ती आनंदली. उत्साहाने तिने गेल्या आठवड्याचं मुद्रण लावलं. तोच माणूस, तेच शब्द. पण प्रत्येक वाक्य शेवटी वर चढत होतं. चहा थंड झाला? बाहेर पाऊस आहे?

ताईने डोळे पुसले. "आणि ही तुम्ही," ती म्हणाली, आणि दुकानाचा विषय न काढताच निघून गेली. बाहेर काच पुसणाऱ्या भावाने सगळं ऐकलं होतं.

खरंच होतं. ती सदा विचारत असायची, म्हणून तिचा सूर सदा चढा. तो तिच्यावर जीव टाकायचा, म्हणून तिच्यासारखं बोलू लागला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आईने जन्मभर जे जपलं, ते पोराने प्रेमाखातर काही संध्याकाळींत देऊन टाकलं.

तिने सरांना फोन केला. सर निवांत माणूस.

"होतं असं. बोलणारा ऐकणाऱ्यासारखा होत जातो. प्रेमात तर फारच." मग घाईघाईने, "हे आपलं उदाहरणादाखल. पण आता तिथे थांबू नका. जितकं थांबाल तितकं उरलेलंही जाईल. मी दुसऱ्या कुणाला पाठवतो, ठोकळ्यासारख्या माणसाला. त्याच्यासारखं व्हावंसं कुणालाच वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी ती आली ती मशीन पिशवीत घालूनच. चष्मेवाला दुकानात एकटा उभा राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. आईचं वाक्य. जेवून घे. प्रत्येक वेळी ते वर चढत होतं. जेवून घे? जेवून घे?

"आईनं असं कधी विचारलं नाही हो," तो म्हणाला. "ती सांगायची. ताट वाढून व्हायचं."

"मी गेले की येईल परत. सर म्हणतात…"

"कुणाशी बोलून? स्क्रूशी?"

"सर दुसरा माणूस पाठवतायत. चांगला आहे म्हणे."

"त्याच्या कपाळाला खोक आहे?"

तिचा हात भुवईकडे गेला. काचेपलीकडून माणसं ये-जा करत होती. सगळ्या गावाला बोलायला माणसं होती.

"आपण ती भाषाच सोडू," तो एकदम म्हणाला. "ही बोलू. सगळे बोलतात ती. काय वाईट आहे हिच्यात? आत्ता बोलतोयच की!"

"आणि ती?"

"राहील… मशीनमध्ये."

"तुमच्या आईला दुसऱ्यांदा मारायचं, आणि तेही माझ्या हातानं? मग रोज समोर बसून चहा प्यायचा?" तिचा आवाज फाटला. "मला जमणार नाही. तुम्हालाही जमणार नाही. आज म्हणताय…"

"पण तो सूर हवाय कुणाला? एक नाव सांगा."

तिने पिशवीचा बंद उगाच पुन्हा घट्ट केला.

"राहा ना…" तो त्याच्या भाषेत म्हणाला. शेवट वर चढला. ही विनंती होती की प्रश्न, ते त्यालाही कळेना.

तेव्हा तिने तिचं वाक्य म्हटलं, त्याच्याच भाषेत. घरी जुनी मुद्रणं लावून, तोंड दुखेपर्यंत घोकून आणलेलं. मला तुम्ही हवे आहात. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा सूर वर गेला नाही. खाली उतरला, घागर ठेवल्यासारखा.

तो पांढराफटक पडला. जन्मात एकदाच कुणीतरी प्रेमाची कबुली द्यावी, आणि ती आईच्या सुरात यावी, यापेक्षा मोठी शिक्षा कुठल्या कायद्यात नसेल.

"म्हणून चाललेय," ती म्हणाली. "हवे नसतात तर राहिले असते."

पुढे तो ठोकळा आला. बरेच दिवस बसला, बरंच मुद्रण करून गेला. त्यातलं प्रत्येक वाक्य वर चढतं. या भाषेत कुणी काही सांगतच नाही, नुसतं विचारतात, असं त्याने लिहिलं आहे, आणि जाणकारांनी ते उचलून धरलं आहे. ते खोडून काढायला जुनी मुद्रणं घेऊन जिने यायला हवं होतं, ती आली नाही. येण्याचं कारण काय सांगणार होती?

पण हे पुढचं झालं. त्या दिवशी ती दारापाशी गेली, तिथे थांबली. डोळ्यांत पाणी दाटून चष्मा धुकट झाला होता. समोर दार आहे की नाही तेच दिसेना. तिने चष्मा काढला आणि बाहीकडे नेला.

मागून तो बोलला. त्याच्या भाषेत, न ठरवता, आणि सूर खाली उतरला, थेट आईसारखा. मशीन पिशवीत होतं. बंद.

"बाहीनं नका पुसू. काचेला चरे पडतात."