पिवळा खिसा

"हे जरा शिवून द्याल का?" असं म्हणत त्याने काउंटरवर जे काही आदळलं, त्याने तिची कात्री, खडू आणि चहाचा कप सगळंच एकदम उडालं.

दिसायला साधा निळा, बिनबाह्यांचा झगा. तिने सवयीने एका हाताने उचलायला घेतला, तर तो जागचा हलेना.

"दगड भरलेत का यात?"

"शिसं," तो म्हणाला. "मी समोरच्या हॉस्पिटलात स्कॅन काढतो. पेशंटजवळ कुणाला थांबावं लागलं, तर किरणांपासून वाचायला त्यांना हा ॲप्रन घालतात. खांद्याचा पट्टा उसवलाय."

किरणांचं नाव ऐकलं मात्र, तिने तापलेल्या इस्त्रीला लागावा तसा हात मागे घेतला. "न्या बरं हे इथून! त्यात अडकून बसली असतील ती..."

त्याला हसू आवरेना. "अहो, दिवा घालवला की उजेड खोलीत साठून राहतो का? तसंच असतं ते."

"दिव्याने कॅन्सर होत नाही!"

ती इतकं तोडून बोलली, की त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. तो हळूच म्हणाला, "घरी कोण होतं?"

"बाबा."

बाबांच्या शेवटच्या वर्षात स्कॅनच्या त्या जाड दाराबाहेर ती कितीदा बसली होती, कुणास ठाऊक. आत बाबा, वर लाल दिवा, आणि बाहेर ही, नखं कुरतडत. प्रत्येक वेळी बाबा थोडे आणखी वाळून बाहेर येत. आजार आधीपासूनच होता, स्कॅनने तो फक्त दिसला, हे डॉक्टरांनी तिला नीट बसवून समजावलं होतं. डोक्याला पटलंही होतं. पण मनाने एकदा त्या मशीनला दोष दिला तो दिलाच.

तो वाद घालत बसला नाही. एवढंच म्हणाला, "शिवणार असाल तर कडेकडेनेच शिवा. मध्ये सुई गेली की शिशाला भोक पडतं. आणि घडी घालू नका, आतून चिरतं. टांगूनच ठेवायचा... जमेल ना, मास्तर?"

शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात. तिला मात्र आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दुकान बाबांचं होतं, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या लेखी ती अजून 'मास्तरांची धाकटी'च होती. तिने ॲप्रन ठेवून घेतला. गिऱ्हाईक परत पाठवू नये म्हणून, असं तिने रात्री ताईला सांगितलं, आणि ताईने ते ऐकून घेतलं, एवढंच.

आठवड्याभरात तो दुसरा ॲप्रन घेऊन हजर. मग तिसरा.

"एका हॉस्पिटलात इतके पट्टे उसवतात तरी कसे हो, फोटोवाले?"

"खरं सांगू?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "...मीच उसवतो."

तिने मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला. नेहमी एका फटक्यात जाणारा दोरा त्या दिवशी काही केल्या जाईना.

मग 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एका संध्याकाळी पावसाची सर आली म्हणून तो दुकानात थांबला, आणि सर गेली तरी थांबूनच राहिला.

"पाऊस गेला," ती म्हणाली.

"हो का? मला अजून ऐकू येतोय."

"कान तपासून घे. तुमच्याकडे मशीन असेल."

"आमच्या मशीनला तू घाबरतेस ना..." असं म्हणत त्याने खुंटीवरचा तयार ॲप्रन काढला आणि अलगद तिच्या खांद्यांवर ठेवला. पट्टे बांधताना बोटं जरा रेंगाळली. "जड होतंय?"

"तू हात काढ, मग सांगते."

त्याने हात काढला नाही. तिनेही पुन्हा सांगितलं नाही.

त्याच्या शर्टावर एक छोटा बॅज असायचा. अंगाला किती किरणं लागली, ते तो मोजायचा, आणि दर काही महिन्यांनी तपासणीला जायचा. "आजवर याने माझी एकही चुगली केलेली नाही," तो म्हणायचा. दुसऱ्या कुणी जेवलास का म्हणून विचारावं, तसं ती तो चहाच्या सुट्टीत आला की आधी बॅजला बोट लावायची. "काय म्हणतोय?" "म्हणतोय, मास्तर फार काळजी करतात." असं रोज चालायचं. आणि रोज तिची भीती थोडी थोडी उसवत चालली होती.

एकदा तिने त्याच्या ॲप्रनचं वरचं कव्हर सोडवलं, त्याला एक पिवळाधमक खिसा लावला आणि कव्हर पुन्हा चढवलं. लहान मुलं स्कॅनला आली की तो त्यांना गोळ्या द्यायचा, आणि त्या ठेवायला त्याला कधी जागा सापडायची नाही, म्हणून. खिसा पाहून तो इतका हरखला, की त्याच दिवशी लग्नाचं विचारून मोकळा झाला. ती नाही म्हणायला जाणार होती, निदान थोडा भाव खायला तरी... पण तोंडातून 'हो' आलं.

महिनाभराने तो भर दुपारी दुकानात आला. अंगावर बॅज नव्हता.

"रिपोर्ट आलाय," तो म्हणाला. "आकडा खूप जास्त निघाला. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणालेत. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगायला आलो."

तिचं शिलाई मशीन थांबलं.

"अगं, घाबरू नकोस. बॅज आत राहिला होता. मी नव्हतो."

"आत म्हणजे कुठे?"

तो बोलायला गेला आणि थांबला. तिच्या मशीनवर पिवळ्या दोऱ्याचं रीळ होतं, त्याच्याकडे पाहत राहिला. "राहिला... कुठेतरी."

बस्स! त्या एका थांबण्याचा तिने अर्थ लावला: खोटं बोलतोय. बाबाही असेच म्हणायचे, काही नाही गं, नुसता खोकला आहे.

"नोकरी सोड."

"सोडेनही," तो म्हणाला. "पण मग उद्या मला साधी शिंक आली तरी तू घाबरशील. तेव्हा काय सोडू?"

"मला पुन्हा त्या दाराबाहेर बसायचं नाही!" ती ओरडलीच. "तुझ्यासाठी तर नाहीच नाही. तू जा."

"मास्तर..." एवढंच तो म्हणाला, आणि गेला. ती खाली मान घालून कुणाच्या तरी पडद्याला टीप मारत राहिली. तो वळून पाहील असं तिला वाटत होतं. त्याने पाहिलं असेलही, पण तिने मान वर केलीच नाही. पुढे तो गाव सोडून गेल्याचं तिच्या कानावर आलं, तेव्हा ती म्हणाली, बरं झालं. आणि आत जाऊन रडली.

वर्षं गेली. ताईची पोर शाळेत जायला लागली, आणि एके दिवशी जिन्यावरून पडली, ती डोक्यावर. दोनदा उलटी झाली, डोळे मिटू लागले. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन सांगितला. ताई पोटुशी, तिला आत जाता येईना. आणि पोर मावशीचं बोट सोडेना.

"नक्की गरज आहे का?" तिने डॉक्टरांना विचारलं. तिला त्याचंच बोलणं आठवत होतं. गरज आहे का, हे आधी विचारायचं, आणि असेल तर मागे हटायचं नाही, असं तो म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, आहे. किरणं लहान मुलांना बेताचीच देतात, पण आत रक्त साकळलं असेल तर आत्ताच कळायला हवं.

ती त्या जाड दारातून पहिल्यांदाच आत गेली.

आतली टेक्निशियन तरुण होती. तिने खुंटीवरचा ॲप्रन काढून पुढे केला. निळा, विटलेला. त्यावर पिवळा खिसा... आणि खिशाचं तोंड काळ्या दोऱ्याने वेडंवाकडं शिवून टाकलेलं.

"हे... कुणी शिवलं?"

"तोंड ना? मीच," ती मुलगी पट्टे बांधत म्हणाली. "आधीच्या सरांची गोष्ट आहे ती. घरी विसरायला होतं म्हणून सर रात्री काम संपवून जाताना आपला बॅज याच खिशात ठेवायचे. ॲप्रन राहायचा इथे खोलीत, आणि मशीन तर रात्रीही चालतं. बॅजवर भलताच आकडा आला! चौकशीत सगळं निघालं, सरांना काहीसुद्धा झालं नव्हतं. मध्यंतरी मला शिकवायला इथे परत आले होते ना, तेव्हा पहिलं हेच सांगितलं, बॅज बाहेरच्या खिळ्यावर ठेवायचा."

"आणि खिसा कुणी लावला... सांगितलं त्यांनी?"

"म्हणाले, मीच लावला," ती हसली. "शर्टाचं बटण लावता येत नाही त्यांना! पण नाव काही घेतलं नाही. आणि म्हणाले, खिसा काढू नकोस हं, नुसता बंद कर."

"बरे आहेत ना ते?"

"एकदम ठणठणीत. बायको आहे, मुलगी आहे. ... घाबरू नका हं. पिल्लू, अजिबात हलायचं नाही."

दार बंद झालं. मशीन घरघरू लागलं. तिने भाचीचा चिमुकला हात घट्ट धरला. सगळं वजन खांद्यांवर होतं, आणि तिला त्या दुपारचं त्याचं थांबणं आता नीट दिसत होतं. पिवळ्या रिळाकडे पाहून त्याने गिळलेलं ते एक वाक्य. 'तुझ्या खिशात' एवढंच म्हणाला असता, तर सगळं वाचलं असतं. पण मग जन्मभर दोष तिच्याकडे राहिला असता. म्हणून त्याने खोटं ठरणं पत्करलं. आणि तिने त्याला खोटं ठरवलं.

"सगळं नॉर्मल दिसतंय," ती मुलगी आत येत म्हणाली. "डॉक्टर बघतीलच. द्या तो ॲप्रन, जड झाला असेल."

"नाही," ती म्हणाली. "...जड नाही झाला."

पोर उठून बसली होती. "मावशी, झालं ना? मग काढ की तो झगा!"

"काढते गं," ती म्हणाली. शिवलेल्या खिशावर तिचा हात तसाच होता. "काढते..."