माळ्यावरचा पाय

विक्रोळीच्या चाळीत दत्ताराम हवालदाराचं तेरावं उरकलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. त्याची बायको रुक्मिणी दारापाशी तांदूळ निवडत बसली होती, पण कालची माणसं काही डोळ्यांसमोरून हलत नव्हती. काळ्या वाटाण्याची आमटी ओरपून एकेकाने काय गोडवे गायले! देवमाणूस, पोरावर जीव टाकणारा. आणि जयवंत, तिचा एकुलता एक, मान खाली घालून ऐकत होता. मोठा गुणाचा!

जीव टाकायचा हे मात्र खरं. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर डावा पाय गेला, तरी लाकडी पाय बांधून हा माणूस जयवंतला आणायला रोज रात्रशाळेच्या दारात उभा. पोरगा कंपनीत चिकटला, तसा कंपनीच्या गेटवर उभा. घरी आला की स्टुलावर बसून पाय पुढे करायचा आणि म्हणायचा, "रुक्मिणी, पट्टे सोड गे."

जयवंतला लाज वाटायची. सोबतचे हसतात म्हणे. गेल्या दिवाळीत त्याने तो पाय माळ्यावर टाकला आणि माळ्याच्या फळीच्या दाराला कुलूप ठोकलं. वर आईला म्हणाला,

"आता पाय नाही, तर जातील कुठे?"

संध्याकाळी कंपनीचा भोंगा झाला की म्हातारा सरपटत उंबऱ्यापर्यंत यायचा. "पाय दी रे, बाबू," म्हणून विनवायचा. रुक्मिणीने तोंड उघडलं नाही. तिलाही पोराच्याच जिवावर दिवस काढायचे होते ना!

तिरडी बांधताना मात्र तिला राहवलं नाही. "जयवंता, त्येंचो पाय त्येंच्याबरोबर ठेव रे."

"लोकांसमोर माळ्याचं कुलूप काढू? वेडी झालीस का, आई?"

दत्ताराम तसाच अधू जळला. त्याला पुढची वाट धड पायांनी चालता यावी, एवढंच आता तिला हवं होतं. आज कामावरून आल्या आल्या पाय खाडीत सोडू, असं तिने जयवंतकडून कबूल करून घेतलं होतं.

भोंगा झाला. खाडीकडून चिखलाचा वास आला, आणि डोक्यावर, माळ्यात, काहीतरी घासलं. मग चामडं करकरलं... बक्कल खटकन लागलं.

"अहो...?"

गॅलरीत पावलं वाजली. एक मऊ, एक टणक. एक मऊ, एक टणक. गॅलरीत कुणीच नव्हतं, पण आवाज जिन्याने खाली उतरत गेला. रुक्मिणीने वर पाहिलं. कुलूप जागच्या जागी होतं.  ती देवापुढे दिवा लावायला गेली, तर काडी सारखी विझत होती.

बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं आली. तीच. एक मऊ, एक टणक.

दारात जयवंत उभा होता. तिचा जीव भांड्यात पडला. "इलंस, बाबा? आधी माळ्यावरचो तो पाय काढ, माका भय वाटता..."

तो लंगडत आत आला, स्टूल ओढून बसला, डावा पाय पुढे केला.

"रुक्मिणी, पट्टे सोड गे."

पोराच्या तोंडून आपलं नाव! ती खाली बसली, त्याची पँट वर सारली. बोटांना गार बक्कल लागलं, चिखलाने माखलेलं.

"जयवंत... माझो जयवंत खंय आसा?"

जयवंतचा चेहरा तिच्याकडे मायेने बघत राहिला.

"गेटार उभो आसा. पाय नाय तेका... जातलो खंय?"