दगडाबाईची चौकट

जुनी चौकट न्हाई मिळायची. नवी करून देतो, सकाळी सातला या.

तुमच्या मंडळाच्या अध्यक्षाचा उद्या वाढदिवस, फ्लेक्स छापून आलाय, चौकट न्हाई, म्हणून रात्रीचं माझं दार वाजवलं. वर शहाणपण, की भिंतीला ती एक टेकवलेली हाय की. हाय. तिच्यावर गेल्या महिन्यात मयताचा फ्लेक्स होता. उद्या ती मी फोडून चुलीत घालणार. कावून, ते ऐकायचं तर बसा. मोबाईल खिशात घाला. त्या उजेडात तुमची तोंडं मढ्यासारखी दिसतात.

मी चौथी नापास माणूस. रंधा मारायचा आणि खिळे ठोकायचे, एवढंच येतं. भुताच्या गोष्टी सांगायचा मला शौक न्हाई. हे खाजामियाँ पेंटरच्या इरशादचं झालं, ते तसंच सांगतो.

नांदूरघाटात जुन्या दुकानांवर हातानं रंगवलेली जी पाटी दिसंल, ती खाजामियाँची. पुढं म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागला, त्यातच फ्लेक्स आले. ब्रश बाटलीत वाळून गेले. मग २०२२ च्या दसऱ्याला इरशादनं स्टँडजवळ पत्र्याच्या शेडात दुकान टाकलं. एक कॉम्प्युटर, एक टेबल. डिझाईन हितं करायचं, छापायला केजला पाठवायचं, गुंडाळी आली की चौकटीवर ठोकून गिऱ्हाईक म्हणंल तिथं बांधून यायचं. त्याच्या दहाच्या दहा चौकटी मी केलेल्या. निलगिरीच्या पट्ट्या, चार बाय सहा.

पयल्या दिवशी खाजामियाँ दुकानात आला, खुर्चीवर बसला आणि एकच बोलला. म्हणाला, "बेटा, मरेले की चौकट जिंदे कू लगाना नै."

पोरगं हसलं. "अब्बा, लकडी कू क्या मालूम?"

मी तिथंच होतो, चौकटी उतरवत होतो. मीबी हसलो.

आता रात कोणती ते ध्यानात ठेवा. २३ डिसेंबर २०२२, शुक्रवार. वेळ अमावस्या, आपली येळवस. दिवसभर लोक रानात आंबील-भज्जी खाऊन सुस्तावलेले. मंगळवारीच ग्रामपंचायतीचा निकाल लागलेला, त्यामुळं निवडून आलेल्यांच्या फ्लेक्सखाली इरशादच्या नऊ चौकटी अडकलेल्या. दहावी गावाबाहेरच्या फाट्यावर, एका कडेनं लिंबाच्या बुंध्याला, दुसऱ्या कडेनं खांबाला बांधलेली. तिच्यावर दगडाबाई.

दगडाबाई म्हंजे गिरणीवाल्या हरिओमची चुलती. पंच्याहत्तरीची, पोरंबाळं न्हाईत. आठ दिवसांपूर्वी वारली होती. हरिओमनं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. म्हातारीचा फोटो एकच सापडला, कुणीतरी मोबाईलवर काढलेला. मांडी घालून बसलेली, अंगावर फिकट लुगडं, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. इरशादनं मागची माणसं कापून तिला एकटीला ठेवलं. हात असे कावून, हे त्यानं विचारलं न्हाई. गिऱ्हाईकाला विचारायची रीत न्हाई.

शुक्रवारी रात्री नऊला पप्पू आला. पिकअपवाला पप्पू. त्याची पोरगी तेजश्री, दुसऱ्या दिवशी तिचा पयला वाढदिवस. कड्याहून त्याच्या सासुरवाडीची मंडळी सकाळी येणार, फाट्यावर फ्लेक्स दिसलाच पायजे. इरशादनं चौकट न्हाई म्हणून सांगितलं. पप्पू म्हणाला, तुला जमत न्हाई तर केजवाल्याला सांगतो, आणि ह्यापुढचं सगळंच त्याला सांगतो. तीन महिन्यांचं दुकान. पोरगं घाबरलं. करतो म्हणाला.

साडेअकराला गुंडाळी, हातोडी आणि खिळ्यांची पिशवी घेऊन स्कुटीवर फाट्याला गेलं. बेत काय, तर म्हातारीचा फ्लेक्स काढायचाच न्हाई. तिच्यावरच लेकराचा ठोकायचा, वाढदिवस झाला की रात्री उपसायचा. म्हातारीचा तेरावा मंगळवारी होता, तवर ती पुन्हा उघडी. कुणाला कळणार?

स्कुटीचा लाईट समोरून लावला. बावीस खिळे मारले. गुलाबी फ्रॉक, कपाळावर टिकली, उजव्या गालावर काजळाची तीट. चांगलं दिसत होतं, म्हणतो. स्कुटी बंद केली आणि तार आवळायला मागं गेला.

तवा पलीकडच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला. त्याचा उजेड मागून पडला, आणि इरशाद तार आवळून पुढं येत होता.

हलका फ्लेक्स, उजेड आरपार जातो. लेकराच्या मागं म्हातारी दिसली. तेवढ्याचं काय न्हाई, दिसणारच. पण तेजश्री बरोब्बर तिच्या मांडीवर बसलेली. कुणी मापून बसवावं तशी. उघड्या तळव्यांवर.

ट्रॅक्टर गेला. अंधार.

पोरगं स्वतःवरच हसलं. गाडीची चावी खिशात हुडकायला लागलं.

मग फ्लेक्स वाजला. ताणलेला कपडा आतून दाबला की वाजतो, तसा... वारं न्हाई. लिंबाचं पान हालत न्हाई.

त्यानं मोबाईलची बॅटरी लावली.

फ्रॉकच्या कमरेला फ्लेक्स वर आलता. एका बाजूला पाच उंचवटे. दुसऱ्या बाजूला पाच.

बोटांसारखे...

मधी बोलू नको बे. पाल असती तर एक उंचवटा आला असता.

फोन वाजला. पप्पू. इरशादला वाटलं, लागला का विचारतोय. उचलला.

"इरशाद, गाडी घेऊन ये. माझी पिकअप चालूच होईना. पोरगी... पोरगी गार पडलीय. हालंना."

मागं बायांचं रडणं. विमलबाईचं, म्हंजे पप्पूच्या आईचं, सगळ्यात मोठं.

तुमी काय केलं असतं? गाडीवर बसला असता. तोबी बसला. चावी घातली. आणि पुन्हा एकदा बॅटरी फ्लेक्सवर मारली.

उंचवटे सरकले होते. कमरेवरून पाठीवर. लेकराला छातीशी धरतात, तसे.

तो उतरला.

खिशात कटर होता. एका फटक्यात फ्लेक्स फाडता आला असता. पण फाडायचं कशातून? लेकराच्या अंगातून? त्याची हिंमत झाली न्हाई. हातोडीचं उलटं टोक घेतलं. खिळा काढायला लागला. एकेक. फोन चालूच, खिशात. आतून रडणं ऐकू येतंय.

एक. दोन. पाच.

नख उलटलं. रक्त आलं. दहा.

फ्लेक्स हाताला गार लागत होता. मग गार न्हाई... कोमट.

पंधरा. अठरा.

फोनमधलं रडणं थांबलं.

सगळंच थांबलं. विमलबाईचंबी.

एकवीस.

शेवटचा खिळा निघंना. वरचा, मधला. मी केलेली चौकट, मला माहीत हाय, तिथं गाठ न्हाई की काही न्हाई. लोण्यासारखं लाकूड. पण निघंना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं.

इरशादनं हातोडी खाली ठेवली. हात जोडले. मुसलमानाचं पोर, अमावस्येच्या रात्री, लिंबाखाली.

"आजी," तो म्हणाला, "चूक माझी. तिची आई रडतीय. लेकरू द्या."

काही न्हाई.

मग खिळा आपोआप पडला. खाली दगडावर आवाज झाला, टिण्ण.

आणि खिशातल्या फोनमधून लेकराचं रडणं आलं.

पोरगी जगली, बे. मघाचपासून तोंड वासून बसलास म्हणून सांगतो. आता चौथं वर्ष लागलंय तिला. कालच माझ्या दारातून भुसा नेला मुठीनं.

पहाटे पाचला इरशाद माझ्याकडं आला. दाराला टेकून बसला आणि हे सगळं सांगितलं. बोटांना फडकं बांधलेलं. मी शिव्या दिल्या. रात्री झोपत न्हाईस, मोबाईल बघतोस, दुसरं काय. मग म्हणालो, चल, पप्पूकडं जाऊन येऊ.

तिथं विमलबाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. खाली ठेवायला तयार न्हाई. इरशादनं तिला फाट्यावरचं सगळं सांगितलं. दगडाबाईचं नाव निघालं तशी तिचं तोंड पांढरं पडलं. मी विचारलं, काय झालं.

मग म्हणाली, "बारशाला आलती दगडाबाई. सगळ्या बायांनी लेकरू घेतलं. तिनंबी मांडीवर हात पसरले. म्या दिलं न्हाई. वांझेच्या हातात कसं द्यावं म्हणून पुढच्या बाईला दिलं. ती तशीच बसली. हात पसरून. तवाच कुणीतरी फोटो काढला."

इरशाद माझ्याकडं बघंना, मी त्याच्याकडं बघंना.

निघताना विमलबाई लेकराचा उजवा गाल पुसून पुसून बघत होती. म्हणाली, रात्री झोपवताना तीट लावली होती, चांगली मोठी, घरच्या काजळाची. गेली कुठं? उशीला न्हाई, दुपट्याला न्हाई.

त्या दिवसापासून इरशाद मयताच्या चौकटींना कोपऱ्यात काळा रंग देतो. त्या निराळ्या, ह्या निराळ्या. दुकान चालतंय त्याचं. बापाची खुर्चीबी तिथंच हाय.

पण त्या सकाळी परत येताना आमी फाट्यावर थांबलो. उजाडलं होतं. दगडाबाई आपली चौकटीत बसलेली, हात मांडीवर, तळवे वर, रिकामे. काही बदललेलं न्हाई. मी इरशादला पुन्हा एक शिवी देणार, तेवढ्यात दिसलं. तिच्या डाव्या खांद्यावर, लुगड्याच्या फिकट पदरावर एक काळा डाग. लेकरू खांद्यावर झोपलं की गाल जिथं टेकतो, तिथं.

इरशाद म्हणाला, मिस्त्री, छापताना पडला असंल.

मी पुढं झालो. बोट लावलं.

छापलेला डाग बोटाला लागत न्हाई.